टॉकी टीना रंगमंचावर आणायची तर

गोव्यातल्या साखळी गावच्या एका विद्यार्थ्याने विचारलं आहे. ‘द ट्वायलाइट झोन’ या जुन्या अमेरिकन मालिकेतल्या ‘लिव्हिंग डॉल’ या भागावरून त्यांचा गट एकांकिका बसवतो आहे. त्यासाठी त्यातली टॉकी टीना ही बोलणारी बाहुली हुबेहूब हवी आहे. हातात तीन आठवडे आहेत आणि आठ हजार रुपये. परदेशातून जुनी बाहुली मागवावी, थ्रीडी प्रिंट काढावं, की एखाद्या मूर्तिकाराकडून घडवून घ्यावी? तोंड हलतं कसं करायचं? आणि शेवटी एक वाक्य आहे, त्यावरच मी जास्त बोलणार आहे: ‘दिग्दर्शक म्हणतो, चेहऱ्याला तडे आणि लाल डोळे करूया, म्हणजे लोक घाबरतील.’

माझी ओळख एवढीच. घरात चवथीचे गणपती करायची परंपरा, आणि गेली तीसेक वर्षं जत्रेतल्या नाटकांची, नरकासुराच्या तोंडांची, शिगम्याच्या चित्ररथांची कामं. बोलक्या बाहुल्या चार-पाच केल्या आहेत. त्यातल्या दोन फसल्या, आणि मला जे काही कळलं ते त्या दोनांमुळेच.

आधी एक गोष्ट स्पष्ट करूया. कपाटात ठेवायची प्रतिकृती आणि रंगमंचावरची वस्तू ही दोन वेगळी कामं आहेत. संग्राहक बाहुली हातात घेऊन भिंग लावून बघतो. तुमचा प्रेक्षक दहाव्या रांगेत बसलेला आहे. त्याला शिवण दिसत नाही, पापणी दिसत नाही. त्याला दिसतं डोकं किती मोठं, केस कसे, डोळ्यांचं पांढरं कुठे, आणि ती बसलीय कशी. तुमचा खरा प्रश्न ‘हुबेहूब कशी करू’ हा नाही. दुकानातून आणलेली एक गोड बाहुली वाटणारी, पण बघता बघता अंगावर काटा आणणारी वस्तू कशी करायची, हा आहे. त्यात तुमचं नाट्यगृह केवढं यावर बरंच ठरतं. कॉलेजच्या सभागृहात तीन रांगांसमोर एक उत्तर, फोंड्याच्या राजीव गांधी कला मंदिरात दुसरं. ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून मी दोन्ही धरून चालतो.

आता टीना मुळात कोण होती ते बघू, कारण त्यातच अर्धं उत्तर आहे. हा भाग 1 नोव्हेंबर 1963 रोजी सीबीएस वाहिनीवर दाखवला गेला. सावत्र बाप झालेला टेली सॅव्हॅलस, त्याच्या बायकोने मुलीसाठी आणलेली किल्लीची बाहुली, आणि ती बाहुली मुलीशी लाडाने आणि बापाशी एकटं असताना वेगळंच बोलते. टीनाचा आवाज जून फोरे यांचा. गंमत अशी की त्या काळी मॅटेल कंपनीची ‘चॅटी कॅथी’ नावाची खरीखुरी बोलकी बाहुली अमेरिकेत घराघरांत होती. दोरी ओढली की पोटातली छोटी तबकडी फिरायची आणि वाक्य ऐकू यायचं. तिलाही आवाज याच जून फोरे यांचा. म्हणजे 1963 साली ज्यांनी हा भाग पाहिला, त्यांच्या मुलीच्या खोलीत जवळजवळ तोच आवाज रोज घुमत होता. भीती तिथून येते. आणि पडद्यावरची टीनासुद्धा मुद्दाम घडवलेलं भूत नव्हतं. ‘जिनी’ बाहुलीसाठी प्रसिद्ध असलेल्या व्होग कंपनीची ‘ब्रिकेट’ नावाची बाजारातली बाहुली घेऊन त्यांनी तिच्यात फेरफार केले. गुबगुबीत गाल, नाकावर वांग, खट्याळ चेहरा. लहान मुलीने हट्ट धरावा अशी.

म्हणून दिग्दर्शकांना माझा निरोप सांगा: तडे नकोत, लाल डोळे नकोत. चेहऱ्यावर भीती रंगवली की प्रेक्षकाला पहिल्या मिनिटालाच कळतं की ही वाईट आहे. मग उरलेली पंचवीस मिनिटं तो फक्त वाट बघत बसतो. शिवाय बाप खरं बोलतोय की त्याच्या डोक्यात भ्रम आहे, हा प्रश्नच उडून जातो. तो प्रश्न गेला तर एकांकिकेत उरलं काय? नरक चतुर्दशीला आम्ही जाळतो तो नरकासुराचा पुतळा भीतीदायक असतो, कारण त्याला एका रात्रीत सगळं सांगून पहाटे जळायचं असतं. टीनाला घरात राहायचं आहे.

मूळ ब्रिकेट परदेशातून मागवण्याच्या भानगडीत पडू नका. जुन्या वस्तूची किंमत, टपाल, कस्टम आणि वेळ धरली तर तुमचे तीन आठवडे तिथेच संपतील. आणि साठ वर्षांची बाहुली हातात आली तर तिला करवत लावायची माझी तरी हिंमत होणार नाही. तुम्हाला तर ती जिन्यावर फेकायची आहे.

थ्रीडी प्रिंटला माझा विरोध नाही. फक्त डोकं काढायचं असेल तर ठीक. पण पीएलए नावाचं जे प्लास्टिक सर्रास वापरतात ते 60 अंशांच्या आसपास मऊ पडतं. एप्रिलमध्ये बंद गाडीत डोकं ठेवून जेवायला गेलात तर परत येईपर्यंत टीनाची मान वाकडी झालेली असेल. थरांच्या रेघा घासून काढायला दोन-तीन दिवस जातात ते वेगळेच. मातीत घडवून पीओपीचा साचा आणि त्यातून कागदाचं डोकं, ही माझी आवडती पद्धत. (पीओपीच्या गणेशमूर्तींवर आपल्याकडे बंदी आहे, मी फक्त साच्याबद्दल बोलतोय.) पण कागद सुकायला आपल्या हवेत वेळ लागतो. पावसाळ्यात तर सुकतच नाही, बुरशी धरते. खळीत मोरचूद घातला तर बुरशी थांबते, पण ते विष आहे, आणि तुमच्या नाटकात एक लहान मुलगी ती बाहुली गालाला लावणार आहे.

तेव्हा तुमच्या परिस्थितीत मी करेन ते असं. मूळ कलाकारांनी केलं तेच: बाजारातली बाहुली घ्यायची आणि तिच्यावर काम करायचं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा मडगावच्या खेळण्यांच्या दुकानात फिरा. मोठी ब्रिकेट 22 इंचांची होती, म्हणजे साधारण 56 सेंटिमीटर. त्याच्या जवळपासची, गोल डोक्याची, आडवी केली की डोळे मिटणारी बाहुली शोधा. कपडे, केस, रंग बघू नका. डोकं अंगाच्या मानाने मोठं आहे का, आणि डोळे एकमेकांपासून थोडे लांब आहेत का, एवढंच बघा. एक नको, एकाच साच्यातल्या तीन घ्या. का ते पुढे सांगतो.

मोजमापासाठी तो भाग बघताना जिथे बाहुली सरळ कॅमेऱ्याकडे बघते अशी पाच-सहा चित्रं थांबवून काढा. अगदी जवळून घेतलेली टाळा, त्यात नाक आणि कपाळ फुगलेलं दिसतं. इंच मोजत बसू नका. डोक्याची उंची एक धरा आणि बाकी सगळं त्या हिशेबाने मांडा: अंग किती डोकी, दोन डोळ्यांमध्ये किती अंतर, डोळ्यांची रेघ हनुवटीपासून कुठे. मूर्तिकामात आम्ही तालमान धरतो तेच हे. बाजारातल्या बाहुलीचा गाल कमी पडला तर एम-सील लावून भरा, रात्रभर ठेवा, सकाळी पॉलिश पेपरने घासा. बहुतेक वेळा गाल आणि हनुवटी एवढ्यावरच चेहरा बदलतो.

रंगाचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तिथेच लोक फसतात. तो भाग कृष्णधवल आहे. टीनाच्या केसांचा, ओठांचा रंग पडद्यावर दिसतच नाही, दिसते फक्त करड्याची छटा. ब्रिकेटचे केस बहुतेक नारिंगी आणि डोळे हिरवे असायचे, म्हणून काही जण भडक नारिंगी टोप करतात. रंगमंचावरच्या पिवळ्या प्रकाशात ते केस ओरडतात, आणि बाहुली विदूषक दिसायला लागते. माझा उपाय सोपा आहे. रंगाचे नमुने एका पुठ्ठ्यावर लावा, मोबाईलवर कृष्णधवल फोटो काढा आणि मूळ चित्रातल्या छटेशी ताडून बघा. केसांना गडद तांबूस बहुतेक बरोबर बसेल. काही गटांनी अख्खी बाहुली करड्या रंगात रंगवल्याचं मी पाहिलं आहे. कल्पना चांगली, पण शेजारी उभी असलेली मुलगी रंगीत असते. मग बाहुली थेट मढं दिसते आणि आपण पुन्हा लाल डोळ्यांच्या चुकीपाशी येतो.

रंग कोणता वापरायचा हे माझ्या पहिल्या फसलेल्या बाहुलीने शिकवलं. एका गावच्या जत्रेतल्या नाटकासाठी मऊ व्हिनाइलच्या बाहुलीवर मी ऑईल पेंट लावला. मऊ व्हिनाइलमध्ये त्याला लवचीक ठेवणारं द्रव्य असतं, ते हळूहळू बाहेर येतं, आणि वरचा ऑईल पेंट कधी पुरता सुकतच नाही. आठवडाभर वाळवूनही चिकट. प्रयोगात नायिकेने बाहुली छातीशी धरली आणि बाहुलीचा गाल तिच्या गंगावनाला चिकटून राहिला. करुण प्रसंग होता, मंडप मात्र हसत होता. तेव्हापासून मी आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतो, मग अ‍ॅक्रिलिकचे अगदी पातळ थर देतो, वर मॅट व्हार्निश. तरी आधी पाठीवर लावून दोन दिवस थांबून बघा, कारण प्रत्येक प्लास्टिक वेगळं वागतं. कडक प्लास्टिक असेल तर एवढा त्रास नाही.

आता डोळे. पैसे आणि वेळ इथे घालवा, बाकी कुठे कमी पडलं तरी चालेल.

सगळा चेहरा मॅट ठेवा, फक्त डोळ्यांवर चकाकी. त्यासाठी पारदर्शक नेलपॉलिशचे दोन हात पुरतात. चेहरा प्रकाश गिळतो आणि डोळे परत फेकतात, म्हणून दहाव्या रांगेतही डोळे जिवंत वाटतात. दुसरं, बुबुळाची दिशा. दोन्ही बुबुळं अगदी समांतर असली तर बाहुली लांब कुठेतरी बघतेय असं वाटतं, म्हणजे निरागस. बुबुळं किंचित आत, नाकाकडे घेतली तर ती जवळच्या माणसाकडे रोखून बघतेय असं वाटतं. किंचित म्हणजे अर्धा मिलिमीटर. जास्त घेतलं तर तिरळी. मी समांतर ठेवतो आणि रोखून बघण्याचं काम मानेला देतो. बाहुली जिथे बसवायची तिथे तिची मान बापाच्या खुर्चीकडे तीन बोटं जास्त वळवायची, एवढंच.

बाजारातल्या बाहुलीचे डोळे मिटतात ते आतल्या वजनामुळे. डोकं काढून आत बघा, डोळ्यांच्या दांडीला एक लोंबकळतं वजन असतं. ते काढून टाका, त्या जागी गळाची बारीक तंगूस बांधा आणि दुसऱ्या बाजूला एक हलकं रबर. तंगूस मानेतून, पाठीतून, सोफ्याच्या मागे. ओढली की डोळे मिटतात, सोडली की उघडतात. हे सगळं सर्व्हो मोटरनेही होतं. नऊ ग्रॅमची छोटी मोटर शे-दीडशे रुपयांत मिळते, आणि तुमच्या गटात इंजिनीअरिंगची मुलं असतील तर त्यांना मोह होणारच. पण ती मोटर किर्रर्र आवाज करते. स्तब्धतेच्या क्षणी तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू जातो. तंगूस मुकी असते. मानेसाठीही तसंच: कण्याच्या जागी एक लाकडी दांडी, सोफ्याच्या बैठकीतून खाली, तिथे एक माणूस. कळसूत्री बाहुल्या बघायला इथून जवळच पिंगुळीला जा. ठाकर कलाकार एका सुताच्या ओढीवर काय काय करतात ते बघितलं की मोटरचा विचार आपोआप मागे पडेल.

माझी दुसरी फसलेली बाहुली मात्र हलत होती म्हणून फसली. डोळे मिटायची, मान वळायची, हात वर व्हायचा. आम्हाला एवढा आनंद झाला होता की प्रत्येक प्रवेशात काहीतरी हलवलंच. तिसऱ्या प्रवेशापासून लोक टाळ्या वाजवायला लागले, जादूच्या प्रयोगाला वाजवतात तशा. अख्ख्या एकांकिकेत टीनाने तीन वेळा हलावं असं मी म्हणेन. पहिल्यांदा किल्ली दिल्यावर, खेळण्यासारखी, सगळ्यांसमोर. दुसऱ्यांदा किल्ली न देता, आणि तेव्हा बापाची पाठ तिच्याकडे असावी, म्हणजे फक्त प्रेक्षकाला दिसेल. तिसरी वेळ कुठली ते दिग्दर्शकाने ठरवावं.

आणि तोंड हलवू नका. आपल्याकडे बोलणारी बाहुली म्हटलं की डोळ्यांसमोर अर्धवटराव येतो. यशवंत पाध्ये यांनी घडवलेला आणि रामदास पाध्ये यांनी घराघरांत नेलेला. त्याचा जबडा हलतो कारण तो एक पात्र आहे, त्याला माणसाशी जुगलबंदी करायची आहे. टीना खेळणं आहे. चॅटी कॅथीचंही तोंड हलत नसे, आवाज पोटातून यायचा. बंद ओठांची, हसऱ्या चेहऱ्याची बाहुली धमकी देते तेव्हा जे होतं ते हलत्या जबड्याने होत नाही. शिवाय तुमचं एक मोठं काम वाचलं.

मात्र शब्दभ्रमाचं एक तत्त्व तिथून उचला. कानापेक्षा डोळा जास्त हट्टी असतो. आवाज बाहुलीच्या आसपासून आला आणि सगळी पात्रं बाहुलीकडे बघत असली, तर प्रेक्षक तो आवाज तिच्याच ओठांतून ऐकतो. म्हणून बाहुलीच्या पोटात स्पीकर बसवायचा अट्टाहास नको. सोफ्याच्या मागे एक, कपाटामागे एक, असे तारेचे छोटे स्पीकर ठेवा आणि बाहुली जिथे असेल तिथला लावा. नाट्यगृहाच्या मोठ्या स्पीकरमधून टीनाचा आवाज आला तर ती आकाशवाणी होते. ब्लूटूथ टाळा. आमच्या एका तालमीत बाहुलीच्या पोटातून कुणाच्या तरी मोबाईलची रिंग वाजली, वर ‘अरे, खंय पावलो?’ (कुठे पोचलास?) असा आवाजही आला.

आवाज लहान मुलीकडून घेऊ नका, मोठ्या बाईकडून घ्या. मूल धमकी देताना अभिनय करतं. बाईला तो न करता येतो. ध्वनिमुद्रण झालं की 300 हर्ट्झच्या खालचं आणि साडेतीन हजारांच्या वरचं कापून टाका, जुन्या टेलिफोनसारखं ऐकू येईल आणि तबकडीचा भास होईल. लाडाचं वाक्य आणि धमकीचं वाक्य एकाच पट्टीत, एकाच गोडीत. तिथे आवाज घोगरा केलात तर पुन्हा ते लाल डोळेच.

कपड्यांवर जास्त डोकं चालवू नका. चित्रं थांबवून बघा, सुती कापड घ्या, एकदा धुऊन इस्त्री करा. चमकणारं पॉलिएस्टर 1963 सालचं दिसत नाही.

आता तीन बाहुल्या का. त्या भागात बाप तिचं डोकं शेगड्यात, म्हणजे सुताराच्या लोखंडी पकडीत, धरतो, ज्वाला लावतो, करवत चालवतो, आणि तिला ओरखडासुद्धा येत नाही. शेवटी तो जिन्यावर तिच्यावरच अडखळून पडतो. एक बाहुली डोळे मिटणारी, तिला सोफ्यावरून हलवायचं नाही. दुसरी पोकळ, हलकी, मुलीने मिरवायची. तिसरी जिन्याची आणि शेगड्याची, तिच्या आत फोम भरा, कारण तिच्यावर माणूस पडणार आहे. जिन्याच्या प्रवेशात नट खरोखर बाहुलीवर पाय देणार नाही, शेजारी देईल, हे तालमीत पक्कं करून घ्या. खरा ब्लो-टॉर्च आणि फिरती करवत रंगमंचावर आणायची नाही. नटाने प्रेक्षकांकडे पाठ करायची, नारिंगी प्रकाश खालून, करवतीचा आवाज स्पीकरवर, आणि मग त्याने बाजूला होऊन जशीच्या तशी बाहुली दाखवायची. न दिसलेली करवत लोकांना जास्त लागते.

आठ हजारांत हे बसतं, जर मजुरी तुम्ही स्वतःच करणार असाल तर. मूर्तिकाराला द्यायचंच असेल तर फक्त तीन चेहऱ्यांचं रंगकाम द्या. डोळ्यांचा हात ज्याचा बसलेला आहे त्याच्याकडून डोळे करून घेण्यात कमीपणा नाही, चवथीच्या आधी आमच्याकडेही डोळे घरातला एकच माणूस करतो. आणि प्रयोग चांगला झाला म्हणून अशा बाहुल्या करून विकायचा विचार आला तर थांबा. मालिका आणि पात्र दुसऱ्याच्या मालकीचं आहे, तिथे रीतसर परवानगी लागेल. एकांकिकेच्या लिखाणाचंही आत्ताच विचारून घ्या, प्रवेशिका भरताना नको.

रंगकाम झालं की एक करा. नाटकाबद्दल काही न सांगता शेजारच्या चार-पाच वर्षांच्या मुलीच्या हातात ती बाहुली द्या. तिने घेतली, केस ओढले, जेवू घातलं, तर चेहरा बरोबर आहे. ती आईमागे लपली तर भुवया पुसा आणि पुन्हा काढा. आणि तंगूस प्रत्येक प्रयोगाआधी नवी बांधा. ती तुटते तेव्हा डोळे उघडे राहतात, ते एकवेळ चालेल, पण रबर तुटलं तर टीना अख्खा शेवटचा प्रवेश झोपून काढेल.